उजेड वाटेतच सांडतो

जुन्या टूरिंग मोटारसायकलच्या हेडलाइटवर आपल्याकडे खटला चालतच नाही, निकाल आधीच लागलेला असतो. लडाखची तयारी करणाऱ्यांची बैठक असो, पुण्याच्या नाना पेठेतला दुकानाचा काउंटर असो की महामार्गावरची चहाची टपरी, विषय निघाला की ऐकू येतं ते एकच. "कंपनीचा लाइट म्हणजे मेणबत्ती. एलईडी टाक, लेगगार्डला दोन फॉग लाव आणि मोकळा हो." दहा-पंधरा वर्षांची बुलेट, क्लासिक किंवा थंडरबर्ड जपून वापरणारा माणूस हे इतक्यांदा ऐकतो की एक दिवस मुकाट्याने पाकीट काढतो.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा समोरून येणारा दुसराच कुणीतरी मोजतो. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

आधी मान्य करण्यासारखं ते मान्य करतो. उजेड हवा ही मागणी खरी आहे. गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात मागे दिवा तर सोडाच, धड रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. घाटात वळणावर गुरं बसलेली असतात. कडेने माणसं चालत असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २८ मीटर लागतात. ताशी ८० ला ही बेरीज ८० मीटरच्या वर जाते. डिपरच्या उजेडात एवढ्या लांबचं काही नीट ओळखता येत नसेल, तर रायडर आंधळेपणाने गाडी चालवतोय हे म्हणणं रास्तच आहे. वाद आहे तो उपायाचा.

मेणबत्ती म्हणून ज्याला हिणवतात तो बल्ब बहुतेक वेळा एच-फोर जातीचा असतो, ६०/५५ वॉटचा. १९७१ पासून तो चारचाकींत आणि मोटारसायकलींत आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १३.२ व्होल्ट मिळाले तर तो अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन देतो, थोडं इकडे-तिकडे. हा प्रकाश कमी नाही. याच बल्बाच्या भरवशावर जगभरच्या गाड्यांनी कित्येक दशकं रात्री काढल्या आहेत. मग आपल्या बाइकवर त्याची मेणबत्ती कशी होते? कारण त्याला १३.२ व्होल्ट मिळतच नाहीत.

हेडलाइटला जाणारा करंट कुठून कुठे फिरतो ते एकदा गाडीसमोर बसून बघावं. बॅटरीतून निघतो, मुख्य फ्यूजमधून जातो, चावीच्या स्विचमध्ये शिरतो. जुन्या गाडीत तिथून हँडलवरच्या लाइटच्या बटणाकडे, मग अप्पर-डिपरच्या बटणाकडे, मग हेडलाइटच्या डब्यातल्या कप्लरकडे, आणि शेवटी बल्बाच्या तीन पायांच्या होल्डरमध्ये. परतीचा प्रवास वेगळाच : काळी वायर, चासीवरचा एखादा स्क्रू, त्यावर चढलेला रंग आणि गंज. वाटेत डझनभर सांधे येतात. पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीचा प्रत्येक सांधा थोडा काळवंडलेला असतो. कोकणातल्या गाडीची वायर सोलली तर खारट दमट हवेने तांबं आत बोटभर हिरवं झालेलं सापडतं. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा रोध. सगळा मिळून अवघा ०.२ ओहम झाला, तरी ५ अँपिअरला पूर्ण एक व्होल्ट वाटेतच संपतो. आणि ०.२ ओहम हे चांगल्या अवस्थेतल्या जुन्या गाडीचं गणित आहे.

एका व्होल्टाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना हॅलोजनचा स्वभाव माहीत नसतो. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, साधारण ३.४ व्या घाताने कोसळतो. १३.२ च्या जागी १२ व्होल्ट मिळाले की उजेड ७२ टक्के राहतो. ११.५ मिळाले की ६२ टक्के. वर रंग पिवळट-तांबूस होतो, म्हणून आहे तोही उजेड डोळ्यांना आणखी केविलवाणा वाटतो. म्हणजे "कंपनीचा लाइट" म्हणून ज्याची बदनामी होते, तो कंपनीच्या लाइटचा अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा असतो. उरलेला स्विचमध्ये, कप्लरमध्ये आणि त्या गंजक्या स्क्रूपाशी उष्णता होऊन गेलेला असतो.

याचा पुरावा कुणाच्या शब्दावर घेऊ नका. साधा मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या, डिपर लावा, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. मग बल्बाच्या होल्डरमागे, बल्ब जागेवर आणि पेटलेला असताना, पुन्हा मोजा. बल्ब पेटलेला असताना, यावर जोर देतो, कारण बऱ्याच गॅरेजांत होल्डर काढून हातात धरून मोजतात आणि "बघा, पूर्ण व्होल्टेज येतंय" म्हणून सांगतात. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडणारच नाही. कुजलेली वायरही तेव्हा सोन्यासारखी दिसते. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक निघाला, तर तुमचा काळोख वायरिंगमध्ये आहे आणि दुकानातला कुठलाही बल्ब तो घालवणार नाही.

याचा उपाय म्हणजे रिले, लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, डिपरला एक रिले, अप्परला एक, आणि होल्डरच्या काळ्या पायापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत परतीची वायर. हेडलाइटला पूर्वी जी वायर जात होती ती आता फक्त रिलेच्या कॉइलला इशारा देते, त्यासाठी पाव अँपिअरही लागत नाही. चावीचा स्विच आणि डिपरचं बटण सुटकेचा श्वास घेतात आणि बल्बाला त्याचे हक्काचे व्होल्ट मिळतात. ११.५ वरून १३.२ वर आलेला तोच जुना बल्ब दीडपटीहून जास्त उजेड देतो, तोही जिथे पडायला हवा तिथेच. यात चकचकीत खोकं नाही, निळसर पांढरा झगमगाट नाही, आणि म्हणूनच याची शिफारस कुणी करत नाही. एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो : पूर्ण व्होल्टेजवर बल्बाचं आयुष्य कमी होतं. लांबच्या प्रवासात एक जादा बल्ब फडक्यात गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवावा. आणि रिफ्लेक्टरचं पाणी गेलं असेल तर तो बदलावाच. घासूनपुसून काही होत नाही, उलट उरलासुरला मुलामा निघतो.

दुसरा युक्तिवाद वॉटचा. "६०/५५ काढ, १३०/१०० टाक, दुप्पट लांब दिसेल." हिशेब मांडू. डिपरला ५५ च्या जागी १०० वॉट, म्हणजे १.८ पट वीज. पण वायरिंग तेच, ०.२ ओहमचं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतील तर जुन्या बल्बाला १२.८ मिळत होते, नव्याला करंट वाढल्यामुळे १२.१ च्या आसपास मिळतील. उजेड १.८ पट न होता दीडपट होईल. आणि अंतराचं काय? प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, त्यामुळे दीडपट उजेडाने पल्ला जेमतेम २२ टक्के वाढतो. त्या २२ टक्क्यांसाठी वायरिंगमध्ये तापणारी वीज ५ वॉटवरून १५ वॉटवर जाते, आणि ती साऱ्या वायरवर सारखी वाटली जात नाही, सर्वात खराब सांध्यावर एकवटते. डिपरचं बटण वितळतं ते असं. रात्री घाटात दोन्ही बीम एकदम जातात तेही असंच. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर असेल तर तो आतून फुगतो आणि कायमचा आंधळा होतो.

आता एलईडी. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

एच-फोर बल्बात दोन फिलामेंटं असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून प्रकाश खाली, रस्त्याकडे वळतो. त्या वाटीच्या कडेमुळे भिंतीवर एक स्पष्ट रेघ दिसते : खाली उजेड, वर अंधार. ती रेघ म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांचं संरक्षण. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या तारेची जाडी, लांबी आणि जागा मनात धरून वळवलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी बीम बिघडतो.

त्या जागी एलईडीचा बल्ब बसवला की काय होतं? तार गोल असते, चारी बाजूंना सारखी पेटते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. मध्ये पट्टीची जाडी असल्यामुळे दोन्ही चिप एकाच जागी असणं शक्यच नसतं. रिफ्लेक्टरला हवा त्या ठिकाणी प्रकाश नाही आणि नको त्या ठिकाणी आहे. भिंतीवरची रेघ विस्कटते, वर उजेड सांडतो, आणि गाडीच्या पुढ्यातली पाच-दहा मीटर जमीन लखलखते. ही लखलखच माणसाला फसवते. पुढ्यातला रस्ता पांढराशुभ्र दिसला की वाटतं, केवढा उजेड! प्रत्यक्षात जवळच्या झगमगाटाने बाहुली आकसते आणि ६० मीटरवरची ट्रॉली पूर्वीपेक्षा उशिरा दिसते. उजेड वाढल्याची भावना आणि दिसणं वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार पहिली विकतो.

खोक्यावरचे आकडे तर सरळ खोटे असतात. २० वॉटच्या बल्बावर १०,००० ल्युमेन छापलेलं दिसतं. म्हणजे वॉटमागे ५००. माणसाचा डोळा ज्या हिरव्या रंगाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, त्या एकाच रंगाचा आदर्श दिवा बनवला तरी वॉटमागे ६८३ ल्युमेनच्या पलीकडे जाता येत नाही. पांढऱ्या प्रकाशाची मर्यादा त्याहून कितीतरी खाली आहे. वॉटमागे ५०० ल्युमेनचा पांढरा दिवा निसर्गनियमातच बसत नाही. त्यात एलईडी तापली की तिचा प्रकाश घटतो. बुलेटच्या बंद डब्यात वारा नाही, मागचा पंखा धूळ आणि पावसाचं पाणी ओढतो. काउंटरवर दाखवलेला उजेड पहिल्या मिनिटाचा असतो, प्रवास तासांचा.

"जर्मनीतसुद्धा आता चालतं," असं एक उत्तर यावर येतं. ते अर्धवट ऐकून दिलेलं आहे. २०२० पासून तिथे हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या ठरावीक एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, ती कुठल्या मॉडेलच्या कुठल्या हेडलॅम्पमध्ये, याची तपासणी करून, यादी करून. तो बल्ब त्या यादीबाहेरच्या गाडीत लावला तर बेकायदा. जर्मनीचं उदाहरण खरं तर माझी बाजू मांडतं : बल्ब आणि रिफ्लेक्टर यांची जोडी तपासल्याशिवाय चालत नाही.

पूर्ण एलईडी हेडलॅम्प, म्हणजे सात इंची गोल काच, रिफ्लेक्टर आणि चिप एकत्रच बनवलेला, हा वेगळा मामला आहे. तो चांगल्या कंपनीचा असेल तर माझा विरोध नाही. तिथे प्रकाशाचा उगम आणि त्याला वळवणारी काच एकमेकांसाठीच घडवलेली असतात. पण घेताना एक गोष्ट बघा, जी विकणारा कधीच सांगत नाही. एका बाजूला चढत जाणारा डिपर असलेले लॅम्प उजव्या आणि डाव्या वाहतुकीसाठी वेगवेगळे बनतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून चढती बाजू डावीकडे हवी, कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा लॅम्प आपल्याकडे लावला तर तीच चढती बाजू समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. युरोपीय मानकाच्या अशा लॅम्पवर डाव्या वाहतुकीसाठी आडवा बाण कोरलेला असतो. बाण नसेल तर तो आपला लॅम्प नाही, कितीही स्वस्त मिळो.

"एलईडीने लोड वाचतो, मॅग्नेट कॉइल थंड राहते" हाही पक्का समज झाला आहे. जुन्या मोटारसायकलींवर बहुतेक वेळा शंट जातीचा रेक्टिफायर-रेग्युलेटर असतो. फिरणारं मॅग्नेट कायमचं चुंबक आहे, त्याला बंद करता येत नाही. इंजिन फिरतंय तोवर कॉइल वीज बनवणारच. गाडीने वापरली नाही तेवढी वीज शंट रेग्युलेटर शॉर्ट करून जिरवतो. म्हणजे लोड कमी केला तरी कॉइलचा करंट तेवढाच राहतो, फक्त उष्णतेचा जास्त वाटा रेग्युलेटरच्या माथी येतो. तो आधीच इंजिनच्या झळीत बसवलेला असेल तर लवकर मरतो. वाचलेल्या वॉटचा खरा फायदा एकच : तेवढ्या विजेवर दुसरं काही चालवता येतं.

आणि तिथेच दुसरी चूक घडते. वाचले म्हणून फोनचा चार्जर, जीपीएस, गरम ग्रिप्स, दोन भोंगे, दोन फॉग, पंक्चरचा पंप असं एकेक लागत जातं. किती वॉट शिल्लक आहेत याची चौकशी कुणी करत नाही. आयडलिंगला ऑल्टरनेटर त्याच्या छापील ताकदीचा जेमतेम काही हिस्सा देतो. खंबाटकीच्या चढावर ट्रकांमागे गाडी रेंगाळते तेव्हा हा सगळा पसारा बॅटरी खात असतो. कागदी बेरीज करायची नसेल तर मल्टीमीटरच सांगेल. सगळं एकदम चालू करा, इंजिन ३,००० फेऱ्यांवर ठेवा. बॅटरीवर १३.५ च्या खाली आलं तर बॅटरी धड चार्ज होत नाहीये. एखादं यंत्र काढा.

जोडण्याच्या पद्धतीबद्दल तर मला राग येतो. चालू वायर चिमट्याच्या कनेक्टरने टोचायची, वर काळी टेप गुंडाळायची, फ्यूज लावायचाच नाही. उन्हाने टेपचा डिंक वितळतो, पावसाने चिमट्यातलं तांबं हिरवं होतं, आणि हँडल वळताना वायर मानेपाशी घासत राहते. वरच पेट्रोलची टाकी असते. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, तो फॉगलाइटजवळ लावून काही उपयोग नाही, बॅटरीजवळच हवा. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा वायरीचा तुकडा उघडा पडून चासीला टेकला तर तो तापताना थांबवणारं काहीच उरत नाही. ही कारागिरी करणाऱ्याला गाडीखाली झोपून काम करताना बघितलं की त्याच्या कष्टांची कीव येते, पण गाडी परत घेताना फ्यूज कुठे आहे हे विचारणं हा आपला हक्क आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. "कंपनीने दिलंय ते विचार करूनच दिलंय, हात लावू नका." त्यांच्याशी वाद घालायला फार शब्द लागत नाहीत. कंपनीने दिली ती नवी गाडी होती. पंधरा वर्षांचा गंज कंपनीने दिला नव्हता. शिवाय दीडशे-दोनशे सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांवर ३५/३५ वॉटचा बल्ब आहे, त्याचा डिपर ५२५ ल्युमेनच्या आसपास. काही गाड्यांचा हेडलाइट तर बॅटरीवर नव्हे, थेट कॉइलवर चालतो आणि रेस सोडली की मंदावतो. या गाड्यांवर लांबचा प्रवास करणाऱ्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. त्यांनी तो लॅम्प बॅटरीवर आणावा, आणि ऑल्टरनेटरला झेपत असेल तर मोठ्या बल्बासाठी बनलेला काचेसह पूर्ण लॅम्प बसवावा. ३५ वॉटच्या प्लास्टिक रिफ्लेक्टरमध्ये बल्बाच्या टोपीचे कान तासून ६० वॉटचा बल्ब कोंबणं हा उपाय नाही.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. टूरिंगच्या गाडीवर सामान असतं.

हेडलाइट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डिपर बरोबर एक टक्का खाली झुकवलेला आहे, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली, असं धरा. रिकाम्या गाडीवर गॅरेजवाल्याने तो असाच लावून दिला. मग मागे पत्नी बसली, दोन सॅडलबॅग आल्या, वर तंबू बांधला. मागचा शॉकअब्सॉर्बर पुढच्यापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त बसला. क्लासिकच्या दोन चाकांमधलं अंतर १३७ सेंटिमीटरच्या आसपास आहे. ३ भागिले १३७ म्हणजे २.२ टक्के. एक टक्का खाली असलेला बीम आता १.२ टक्के वर गेला. ५० मीटरवर त्याची उंची किती? ९० अधिक ६०, दीड मीटर. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे साधारण तिथेच असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १०६ हेडलाइटचा झोत कायम खाली झुकलेला हवा म्हणतो, इतका की ८ मीटरवर उभ्या माणसाच्या दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवणार नाही. अवघ्या ३ सेंटिमीटरने तो हेतू मोडतो, आणि त्याच वेळी स्वतःचा रस्ता काळा पडतो, कारण उजेड झाडांच्या फांद्यांवर गेलेला असतो. मग रायडर म्हणतो, लाइट कमी पडतोय, आणि फॉग विकत घेतो.

याला एक रुपया लागत नाही. मागच्या शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड वाढवायचा, सामान आणि माणूस चढवून गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर १० मीटरवर उभी करायची, आणि डिपरची रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल असा लॅम्प वळवायचा. दोन स्क्रू.

राहिले फॉगलाइट. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या धुक्यात तीव्र पांढरा झोत मारला की समोर दुधाची भिंत उभी राहते, हे तिथून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग सल्ला येतो : पिवळे लावा, पिवळा धुकं कापतो. कापत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळा आणि निळा जवळजवळ सारखाच विखुरतात. फ्रान्सने १९९३ पर्यंत अनेक दशकं पिवळ्या हेडलाइटची सक्ती केली होती, आणि मग सोडून दिली. पिवळ्याने डोळे कमी शिणतात हे खरं, पण धुक्यात उपयोगी पडतो तो दिव्याचा आकार : खाली बसवलेला, रुंद, वरून सपाट कापलेला झोत, आणि हेडलाइटचा अप्पर बंद. बाजारात फॉग म्हणून जे गोल, चकचकीत, चारी दिशांना उजेड फेकणारे दिवे मिळतात ते फॉगलाइट नव्हेत. त्यांना धुक्यासाठी कोणी घडवलेलं नाही.

यावरचा शेवटचा युक्तिवाद नेहमी एकच असतो, आणि तो तांत्रिक नसतो. "समोरचा डिपर देत नाही. तो मला आंधळा करतो, मग मी का नको?" रात्रीच्या रस्त्यावर ही सूडाची भावना मला इतर कुठल्याही खराब वायरिंगपेक्षा भयंकर वाटते. हिशेब करा. दोन गाड्या ताशी ६० ने समोरासमोर येतात, एकमेकींकडे सेकंदाला ३३ मीटर. दोघांनीही दिवे डोळ्यांवर धरले की दोघेही काही सेकंद काही बघत नाहीत, सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर, ज्याच्या कडेने कुणीतरी चालत असतं. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो. साठीच्या माणसाला तरुणाहून जास्त, मोतीबिंदू असेल तर त्याहूनही जास्त. ओरखडे पडलेल्या काचेतून बघणाऱ्या हेल्मेटवाल्याला प्रत्येक झोत फुटून दिसतो. तुम्ही ज्याला धडा शिकवता तो ट्रकवाला उंचावर बसलेला असतो, त्याला तुमचा दिवा फारसा लागतही नाही. लागतो तो त्याच्या मागून येणाऱ्या सायकलवाल्याला, दुधाचे कॅन लावलेल्या स्प्लेंडरला, आळंदीहून परतणाऱ्या पायी माणसाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. पण कायदा नसता तरी हे चुकीचंच असतं.

जादा दिवे लावायचेच असतील, आणि मोकळ्या रस्त्यावर लांबचं दिसण्यासाठी ते खरंच उपयोगी पडतात, तर ते लावून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला एक गोष्ट ठामपणे सांगा. "दादा, रिलेचा इशारा अप्परच्या वायरवरून घ्या, पार्किंगच्या किंवा चावीच्या वायरवरून नको." म्हणजे अप्पर लागल्याशिवाय ते पेटणार नाहीत, आणि समोरून कुणी आलं की अंगठ्याने डिपर केला की सगळे एकदम विझतील. वेगळा स्विच हवा असेल तर तो याच वायरवर, अधेमधे. तो म्हणेल, "साहेब, असं कुणी लावत नाही, सगळे डायरेक्टच घेतात." त्याला लावायला सांगा, आणि काम झाल्यावर पैसे देण्याआधी अंधारात उभे राहून डिपर करून बघा.